चेहरे परत करणारा माणूस

"चेहरा देता का, साहेब?"

पहिल्याच भेटीत त्यांनी मला हे विचारलं. तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्याच विरुद्धचा माझा तक्रारअर्ज होता.

घडलं ते असं. आमच्या घराखालच्या गाळ्यात नवा फोटो स्टुडिओ आला. पाटी साधी होती. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, झेरॉक्स. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. पण ऐन मे महिन्यात, दुपारी दीड-दोनला, परभणीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी त्या दुकानात पोरं जमायची. कुणाचे केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, कुणाच्या कानात बाळी, कुणाची पँट कशाच्या आधारावर टिकून आहे ते कळू नये अशी. थोडा वेळ कुजबुज चालायची, मग चार-पाच मोटारसायकली एकदम सुटायच्या आणि शेवटच्या गाडीवर मागे हे स्टुडिओवाले, कॅमेऱ्याची बॅग लेकरासारखी पोटाशी धरून.

मी हेडक्लार्क माणूस. 'संशयास्पद हालचाली' हे शब्द मला फार वर्षं कुठेतरी वापरायचे होते. बसून फक्कड अर्ज लिहिला. आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीची सवय अशी, की मूळ कागद हातातून सोडण्याआधी त्याची प्रत आपल्याकडे हवी. म्हणून ठाण्यात जाण्याआधी झेरॉक्स काढायला उतरलो. गल्लीत झेरॉक्सचं मशीन एकच. त्यांचं.

कागद काचेवर पालथा पडेपर्यंत माझ्या काही ध्यानात आलं नाही. नंतर आलं, पण तोवर त्यांनी तो उचलून वाचायला घेतला होता.

"'तरी सदर इसमाचा बंदोबस्त व्हावा.' सदर इसम म्हंजे मीच ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"अक्षर लय देखनं हाय तुमचं. किती प्रती काढू? ठान्याला एक, तुमाला एक... मला बी एक घेऊ का?"

आणि मग मान डावीकडे कलती करून, एक डोळा अर्धा मिटून माझ्याकडे बघत त्यांनी तो प्रश्न विचारला. "चेहरा देता का, साहेब? आमच्या पिच्चरमधी तक्रार करनारा बी पाहिजे. सगळी पोरंच पोरं झाल्यात."

मी दिला. का दिला ते आजही सांगता येणार नाही. स्टुलावर ताठ बसून, भांग सारखा करून, मी तो अर्ज कॅमेऱ्यापुढे मोठ्याने वाचला. वर आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तक्रार द्यायला गेला होता का पाठ म्हनून दाखवायला?"

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचं नाव, कुणाचा चेहरा ते न विचारता घेत नसत, आणि आता त्यांना विचारायची सोय राहिलेली नाही. पोरं त्यांना भाऊ म्हणायची. मी मालक म्हणायचो. मूळचे पूर्णेचे, वडील रेल्वेत खलाशी. आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारच्या गाडीने घरी जायचे. दुकानात बाबासाहेबांचा एक फोटो, बाकी सगळ्या भिंती मोकळ्या. फोटोग्राफरच्या दुकानात नवरा-नवरींचे फोटो टांगलेले असतात, तसा एकही नाही. मी एकदा कारण विचारलं. "ते त्यांच्या घरी लावायचे फोटो हायेत. माझ्या भिताडावर काय काम?"

पोट लग्नावर चालायचं. हळदीचं शूटिंग, वरातीचं शूटिंग, मग रात्रंदिवस बसून मिक्सिंग, म्हणजे गाणी टाकून, बदाम उडवून त्याची सीडी करायची, पुढे पेनड्राइव्ह. त्यांना त्याचा कंटाळा होता असंही नाही. पण जीव होता तो दुपारच्या पोरांत.

ही पोरं काय करायची, ते मला कळायला वर्ष गेलं. काही पोरं रॅप म्हणायची, म्हणजे गाणं न गाता भांडल्यासारखं तालात बोलायचं. अर्धं आपल्या बोलीत, अर्धं दखनीत. काही डोक्यावर उभी राहून भोवऱ्यासारखी फिरायची. एक जण गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम लावायचं काम करायचा, तो फवाऱ्याच्या रंगाने भिंतींवर हत्तीएवढी अक्षरं काढायचा. आणि हे सगळं घरच्यांपासून चोरून. एकाचे वडील मास्तर, एकाचे भजनी, एकाचे भलतेच मारकुटे.

"याला अंडरग्राउंड म्हनत्यात, साहेब."

"मला वाटलं भुयारी गटार योजनेचं काही शूटिंग आहे."

"तसंच हाय. खालून वाहतंय, वरच्याला वास बी न्हाई."

मी विचारलं, चोरूनच करायचं तर लोक रात्री करतात, तुम्ही भर दुपारी कसे? त्यावर ते खुशीत आले. म्हणाले, "रातच्याला आख्खी परभनी वट्ट्यावर बसलेली असती. कुठं लपता? उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुनी दाखवा. ऊन हाच आमचा अंधार."

गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग आहे. कापसाच्या गंजी लागायच्या तो सिमेंटचा ओटा तेवढा शाबूत, भोवती उंच भिंती. तिथे हे सगळं चालायचं. मीही एकदा गेलो. छत्री, ओला पंचा, बायकोने दिलेली ताकाची बाटली, एवढा सरंजाम घेऊन. पोरांनी मला एकुलत्या एका सावलीत बसवलं आणि मी दाद म्हणून टाळ्या वाजवायला लागलो. पाच मिनिटांनी एक पोरगा जवळ येऊन फार अदबीने म्हणाला, "काका, तुमी वाजवू नका. आमचा ताल सुटायलाय."

पण मला सांगायचंय ते त्यांच्या पद्धतीबद्दल. लग्नात शूटिंगवाले कसे असतात, तुम्ही पाहिलंच असेल. तोंडावर दिवा मारतात, जेवणाऱ्याच्या घासात कॅमेरा घालतात. हे जिनिंगमध्ये कॅमेरा बॅगेतच ठेवून बसायचे. नवा पोरगा आला की चहा, गप्पा, घर कुठलं, मामा कुठला. मग कधीतरी मान कलती करून, "चेहरा देतो का?" नाही म्हणाला तर राग नाही. कुणी नुसते पाय द्यायचं, कुणी हात, कुणी सावली. "जेवढं देशील तेवढंच घेतो," म्हणायचे. आणि पुढचं वाक्य प्रत्येकाला ठरलेलं, "दिलेला चेहरा कवाबी परत भेटंल. कारन सांगायचं न्हाई."

मला हे कच्चं काम वाटलं. मी रविवारची सकाळ घालवून त्यांना एक संमतीपत्र तयार करून दिलं. 'मी खाली सही करणार' पासून 'भविष्यात कोणत्याही प्रकारची हरकत घेणार नाही' पर्यंत. त्यांनी सावकाश वाचलं, खिशातला पेन काढला आणि शेवटच्या ओळीवर काट मारली.

"अहो, तीच तर मुख्य ओळ आहे, मालक."

"व्हय. तीच तर त्यांची हाय."

त्या पोरांत एक पोरगी होती. मामाकडे राहून नर्सिंग शिकायला आलेली. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरी गाडीवर जाताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात, तशी बांधून यायची. पहिलं वर्षभर तिने तसंच, स्कार्फातूनच म्हटलं. यांनीही तिला कधी विचारलं नाही. एके दिवशी म्हणता म्हणता तिनेच गाठ सोडली आणि कॅमेऱ्याकडे बघून पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

मामाच्या घरी पाव्हनी हाय
आईच्या घरी पाव्हनी हाय
लगीन झाल्यावर तिथं बी म्हनं
दोन दिसाची पाव्हनी हाय
पत्ता इचारतोय पोस्टमन दादा
सांगू कुठल्या गावची हाय

एवढंसं तोंड, हनुवटीवर गोंदणासारखा तीळ, आणि आवाज असा की जिनिंगच्या पत्र्याला कंप यावा. हे मी नंतर पडद्यावर पाहिलं. त्या दिवशी तिथे असलेली पोरं सांगतात की भाऊंचा कॅमेरा हलत होता.

पाच-सहा वर्षं गेली. त्यांच्या पिच्चरची लांबी तेव्हा सव्वादोन तास झाली होती. आणि मग पोरं मोठी व्हायला लागली.

पहिला आला तो डोक्यावर फिरणारा. पोलिसात भरती झाला होता. वर्दीतच आला, दारात उभा राहिला. मी तेव्हा दुकानात होतो. वर्दी बघून आधी मीच उभा राहिलो.

"भाऊ, तेवढं माझं काढता का? साहेब लोकांनी बघितलं तर..."

"कारन सांगू नको म्हनलं होतं ना. बस."

त्यांची पद्धत अशी, की स्वतः पुसायचे नाहीत. ज्याचा चेहरा त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवायचे, त्याचे जेवढे तुकडे असतील तेवढे काढून पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "तूच दाब." तो पोरगा एकदा बघतो म्हणाला. सिमेंटच्या ओट्यावर एक काटकुळं पोरगं डोक्यावर गरगर फिरत होतं. "किती बारीक होतो मी, भाऊ," म्हणाला आणि बटण दाबलं. त्याने सलाम ठोकावा की पाया पडावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी नुसताच गेला.

मग एकेक येत राहिले. एकाची सोयरीक पाथरीला ठरली, एकाचा भाऊ निवडणुकीला उभा राहिला, एकाने काहीच सांगितलं नाही. प्रत्येकाला चहा, खुर्ची आणि "तूच दाब." मी म्हणायचो, मालक, चेहरा धूसर करा की, सगळे करतात. त्यांनी मला समजावलं, "आई लेकराला चालन्यावरून वळखती. धूसर कुनासाठी करायचं?" कॉम्प्युटरवर बसून उरलेले तुकडे पुन्हा जोडत राहायचे. मी खाली गेलो की म्हणायचे, "उन्हाळ्यातल्या येलदरी धरनावानी आटायलाय पिच्चर."

पाऊण तास उरला होता तेव्हा पुण्याहून पत्र आलं. तिथले काही लोक छोटे पिच्चर जमवून दाखवतात, त्यांनी यांचा निवडला होता. माणूस एवढा हरखलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी नवा शर्ट शिवला. मीही सोबत जाणार होतो. रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं, 'सांस्कृतिक'.

निघायच्या पंधरा दिवस आधी त्यांनी तो पिच्चर आमच्या घरी आणला. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि आम्ही तिघांनी पाहिला. बायको शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. त्या पोरीचं सुरू झालं तशी शेंग हातातच राहिली. संपल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, हिच्या घरच्यांना म्हाईत हाय का हो?" ते म्हणाले, "न्हाई, वहिनी." ती उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी शिऱ्याचा रवा भाजायला घेतला.

पेनड्राइव्ह रात्रभर आमच्याच टीव्हीला राहिला. सकाळी परत करण्याआधी मी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलं असणार. मुलाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. मूळ कागद हातातून सोडण्याआधी... फाईलला नाव दिलं, 'कार्यालयीन प्रत'. दोन मिनिटांचं काम. त्यात काही वावगं आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आठवड्याने ती पोरगी आली. लग्न ठरलं होतं, मानवतला, घर बऱ्यापैकी, दीर मोबाईलच्या दुकानात. हे तिने मला जिन्यात सांगितलं. त्यांना तिने काहीच सांगितलं नाही, कारण तसा नियमच होता. मी तिच्या मागोमाग दुकानात गेलो. जाऊ नये ते सुचलं नाही. ती नुसती उभी होती. त्यांनी खुर्ची सरकवली.

"भाऊ, पुण्याचं झाल्यावर काढलं तरी चालंल," ती म्हणाली. खाली बघून.

"तुला चालंल का?"

तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"मंग बस."

मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, अहो, पुण्यात कोण बघणार आहे, मानवतचं कोण जाणार आहे तिथे? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडे बरेच होते. ती एकेक दाबत गेली आणि ते प्रत्येक वेळी म्हणत होते, "हं. अजून एक हाय." एखाद्या लेकराला कडू औषध पाजताना म्हणावं तसं.

तिच्या मागोमाग आणखी दोघांनी नेले. उरलं ते अकरा मिनिटांचं. रंगवलेल्या भिंती, सावल्या, पाय, आणि माझा तक्रारअर्ज. "आता हिरो तुमीच, साहेब," ते म्हणाले. पुण्याला त्यांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं. ते मीच शुद्ध करून दिलं. 'काही अपरिहार्य कारणास्तव' हे माझे शब्द.

त्यानंतर कॅमेरा फक्त लग्नाला बाहेर निघायचा. पोरं येईनाशी झाली. नवी पोरं आता मोबाईलवर स्वतःच काढतात आणि स्वतःच जगाला दाखवतात. त्यांना विचारणारं कुणी लागत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. आधी साखर म्हणाले, मग किडनी. आठवड्यातून दोनदा नांदेड, रक्त गाळून घ्यायला. परत आले की खुर्चीत बसून राहायचे. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुमीच मशीनवर ठिवा कागद."

अशाच एका दिवशी मला वाटलं, यांना एक चांगली बातमी द्यावी.

"मालक, पिच्चर गेला नाही बरं का. आहे."

"कोनता?"

"पुण्याला जाणार होता तोच. अख्खा. माझ्याकडे आहे."

"ती पोरगी?"

"ती पण."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता हरखतील, मग हरखतील. ते खाली वाकून चपला शोधायला लागले. सुजलेल्या पायांत त्या जाईनात. तसेच अनवाणी उठले आणि जिन्याकडे निघाले. आमचा जिना सतरा पायऱ्यांचा. अकराव्या पायरीवर बसले. मी म्हणालो, मी लॅपटॉप खाली आणतो. हाताने नको म्हणाले. बसून श्वास घेतला आणि वर आले.

फाईलवर 'कार्यालयीन प्रत' वाचून त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं.

"एकदा बघून तरी घ्या, मालक. कुणाला कळणारे?"

"न्हाई. ते आता मला दिलेलं न्हाई." आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुमीच दाबा."

मी दाबलं. माझं बोट माझ्यासमोर परक्यासारखं दिसत होतं.

"कचऱ्याच्या डब्यातनं बी."

तिथूनही काढलं. मग त्यांनी मोबाईल काढला आणि माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून तिघांना फोन लावले. "तुला सांगितलं होतं तसं झालं न्हवतं. एक प्रत बाहेर राहिली होती. आत्ता पुसली. माझी चूक झाली." दोघांना असं सांगितलं. माझी चूक म्हणाले, साहेबांची नाही. तिसरा फोन त्या पोरीचा. तो पुरुषाने उचलला. हे क्षणभर थांबले आणि दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, "परभनीहून स्टुडिओवाला बोलतोय. मॅडमचे पासपोर्ट फोटो तयार झालेत म्हनून सांगा." अर्ध्या तासाने दुसऱ्याच नंबरवरून तिचा फोन आला. त्यांनी तिलाही तेच सांगितलं. प्रत कुठे होती असं तिने विचारलं असावं, कारण पुढे म्हणाले, "वरच्या साहेबांच्या लॅपटॉपवर." पलीकडून मग एकच शब्द ऐकू आला, मलासुद्धा ऐकू आला. "नक्की?"

बायकोने चहा ठेवला. त्यांना पाणी मोजून प्यायचं होतं, तरी अर्धा कप घेतला. जाताना दारात म्हणाले, "तुमी चोरी न्हाई केली, साहेब. मला ठाव हाय. पन तिचं तिकडं काई झालं असतं तर मी काय सांगनार होतो? आमच्या साहेबांना सवय हाय म्हनून?"

त्यानंतरही बोलणं होतं. मी झेरॉक्सला जायचो, ते "किती प्रती?" विचारायचे. पूर्वी तो विनोद होता.

दिवाळीच्या आधी गेले. पूर्णेलाच. मी सकाळच्या गाडीने पोचलो. विहारापुढे मंडप होता, रेल्वेतले निवृत्त लोक खुर्च्यांवर बसले होते. मागे, मंडपाबाहेर, उन्हात पोरं उभी होती. पोरं म्हणजे आता बाप्येच. तुरे गेलेले, पोटं सुटलेली, एकाच्या कडेवर मूल. पोलिसातलाही साध्या कपड्यांत आला होता. ज्यांनी ज्यांनी चेहरे नेले ते बहुतेक सगळे होते. पुढे सावलीत या म्हणून कुणी बोलावलं तरी ते तिथून हलले नाहीत. त्यातल्या एकाने मला ओळखलं आणि नुसती मान हलवली.

आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. झेरॉक्ससाठी मला दोन चौक चालावं लागतं.

परवाच्या उन्हाळ्यात, दुपारी अडीचला, दार वाजलं. दारात तोंड बांधलेली बाई, हाताशी तीन-एक वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही.

"काका, मी... जिनिंगमधली."

मला एकदम भरून आलं. आत बसवलं. मामाकडे आली होती म्हणाली, भाऊंचं कळलं होतं पण निघता आलं नाही. तोंड बांधलेलंच होतं. खुर्चीच्या कडेला बसली होती. पंखा आमचा आवाज फार करतो, म्हणून मी तो बारीक केला.

"काका, भाऊंच्या त्याच्यातलं तुमच्याकडं काही राहिलंय का?"

तिला काय सांगावं! एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात बिचारी आपलं हरवलेलं काहीतरी शोधत आली होती आणि ते ज्या बोटाने गेलं ते बोट माझं होतं. मी म्हणालो, "नाही गं बाळा. काहीच नाही राहिलं. मीच पुसलं, भाऊंच्या समोर."

"आणि तो लॅपटॉप?"

"तो मुलाने सगळा कोरा करून विकला. दोन वर्षं झाली."

"दुसरीकडं कुठं? पेनड्राइव्ह, मोबाईल?"

"कुठंच नाही."

"नक्की, काका?"

"नक्की. मलाच फार वाईट वाटतं त्याचं."

तिने मग मानेमागे हात नेऊन स्कार्फ सोडला. तोच तीळ. चेहरा भरला होता, डोळ्यांखाली काळं होतं. बायकोने पाणी आणलं ते तिने उभ्याउभ्या दोन तांबे प्यायलं. मी तिला म्हणालो, "पण माझ्या लक्षात आहे हो सगळं. मामाच्या घरी पाव्हनी हाय..."

तिने झटकन लेकीकडे पाहिलं. "काका, नका म्हनू."

मी थांबलो. माझेच डोळे ओले झाले होते, मला वाटलं तिलाही सोसत नाही. लेकीला कुरडईचा तुकडा दिला. दहा मिनिटांत ती उठली, बायकोच्या पाया पडली, दारातच तोंड पुन्हा घट्ट बांधलं आणि सतरा पायऱ्या भराभर उतरून गेली. मी गॅलरीतून बघत राहिलो. उन्हात दोघींची सावली पायांखालीच होती.

आत येऊन मी बायकोला म्हणालो, "बिचारी! एकदा स्वतःला बघायला म्हणून आली होती गं. तेवढंही आपल्याच्याने..."

ती तांब्या-पेला उचलत होती. थांबली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती मुलाच्या प्रगतीपुस्तकाकडे पाहायची.

"बघायला? अहो, खरंच पुसलंय का न्हाई, तेवढं विचारायला आली होती ती. तुमच्या त्या प्रतीपायी. फोन आला तवापासून झोप नसंल लेकराला." तांब्या घेऊन ती आत निघाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाली, "आज झोपंल."